पॅडवरचा कर गेला. तो तुमच्या बिलातूनही गेला का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या सिडकोत तुमचं मेडिकल आणि जनरल स्टोअर आहे, जीएसटी नंबर आहे. सॅनिटरी पॅडवर कर नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्या कॉम्प्युटरमधून निघणाऱ्या बिलावर पॅडसमोर कधी ५ टक्के दिसतात, कधी शून्य. कर गेला तर किंमत का उतरली नाही, असं एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही. पेठ तालुक्यातला एक महिला बचत गट स्वतः बनवलेले पॅड तुमच्याकडे ठेवू म्हणतोय, पण त्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही. आणि शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की काउंटरवरचा मुलगा पॅड मागितलं की नाव घेत नाही, स्कॅन करत नाही, 'जनरल' म्हणून रक्कम टाकतो आणि काळ्या पिशवीत घालून देतो.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटचं वाक्य आहे. करमुक्ती कायद्यात झाली, पण दुकानात ती बिलावरच्या एका ओळीतून पोहोचते, आणि नेमकी तीच ओळ लाजेपायी कुणी लिहीत नाही, वाचत नाही, तपासत नाही. साबणावर चुकीचा दर लागला तर एखादा ग्राहक तरी हटकतो. पॅडच्या बिलावर दुकानात उभं राहून वाद घालणारी बाई क्वचित भेटते. त्यामुळे चुका वर्षानुवर्षं तशाच राहतात.

आधी कायदा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा पॅडवर १२ टक्के लागले. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या करमुक्त आणि पॅडवर कर, या विसंगतीवर दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही झाली. २१ जुलै २०१८ ला जीएसटी परिषदेच्या २८व्या बैठकीत पॅड करमुक्त करायचं ठरलं आणि २७ जुलै २०१८ पासून ते लागू झालं. करमुक्त वस्तूंच्या यादीतली नोंद नेमकी अशी आहे: सॅनिटरी टॉवेल म्हणजे पॅड, सॅनिटरी नॅपकिन आणि टॅम्पॉन. सप्टेंबर २०२५ मध्ये बरेच दर हलले, तेव्हाही पॅड करमुक्तच राहिले.

मग तुमच्या बिलावर ५ टक्के येतात कुठून? पॅडचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीत वस्तूचा वर्ग सांगणारा आकडा, ९६१९. लहान मुलांचे डायपर आणि मोठ्यांचे क्लिनिकल डायपर यांचाही कोड ९६१९च. पण डायपर करमुक्त नाहीत. त्यांच्यावर आधी १२ टक्के होते, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आहेत. बरीच बिलिंग सॉफ्टवेअर कर वस्तूला न जोडता एचएसएनला जोडतात. कुणीतरी ९६१९ समोर डायपरचा दर भरतं आणि त्या कोडखालचे सगळे पॅड त्या दराखाली जातात. ज्या ब्रँडची नोंद तुम्ही हातानं वेगळी केली असेल तो शून्यावर राहतो, म्हणून तुम्हाला कधी ५ आणि कधी शून्य दिसतं.

दुरुस्ती अशी. आयटम मास्टर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली सगळ्या वस्तूंची यादी, उघडा आणि ९६१९ या कोडवर गाळणी लावा. आलेल्या यादीतले पॅड, टॅम्पॉन आणि कापडी पॅड एका बाजूला, डायपर दुसऱ्या बाजूला करा. कापडी पॅडही पॅडच, कारण ९६१९ हे शीर्षक कोणत्याही साहित्याच्या वस्तूंना लागू आहे. पॅडच्या प्रत्येक नोंदीत कराचा प्रकार 'एक्झेम्प्ट' निवडा. तिथे साधारण तीन सारखे दिसणारे पर्याय असतात: 'निल रेटेड', 'एक्झेम्प्ट', 'नॉन जीएसटी'. ग्राहकाला तिन्हींत कर शून्यच दिसतो, पण विवरणपत्रात ते वेगळ्या रकान्यात जातात. पॅडची सवलत अधिसूचनेनं दिलेली आहे, म्हणून 'एक्झेम्प्ट'. पेट्रोल-दारूसाठी असलेलं 'नॉन जीएसटी' तर मुळीच नको. मग कर वस्तूवर लागू कर, एचएसएनवर नको, अशी सेटिंग आहे का पाहा. नसेल तर सॉफ्टवेअरवाल्याला ती करून द्यायला सांगा, नाहीतर पुढच्या अपडेटला दर पुन्हा उलटेल. शेवटी एका पॅडचं आणि एका डायपरचं मिळून चाचणी बिल छापा आणि दोन्ही ओळी डोळ्यांनी तपासा.

मेन्स्ट्रुअल कप या यादीत सरसकट घालू नका. करमुक्तीच्या नोंदीत कप हा शब्द नाही. पुरवठादाराच्या बिलावर कोणता कोड आणि कोणता दर आहे ते पाहा आणि तोच पुढे चालवा. पुरवठादारांमध्ये फरक दिसला तर ज्यानं करमुक्त दाखवलंय त्याच्याकडून आधार लेखी मागा. पॅंटी लायनरबाबतही हीच सावधगिरी ठेवा.

आता 'जनरल'चा हिशोब बघा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, त्यामुळे १०० रुपयांच्या पाकिटाला ग्राहक १००च देतो, दर कोणताही लागो. ५ टक्के लागले तर सॉफ्टवेअर त्या शंभरातून ४ रुपये ७६ पैसे कर म्हणून वेगळे काढतं. तुमची 'जनरल' नोंद १८ टक्क्यांवर असेल, तर १५ रुपये २५ पैसे निघतात. समजा ते पाकीट तुम्हाला गोळे कॉलनीच्या घाऊक बाजारातून ८५ ला पडलं, तर तुमचा सगळा नफा १५ रुपये. तो पूर्ण जाऊन वर २५ पैसे तुमच्या खिशातून गेले. त्या पाकिटाच्या खरेदीवर कर नव्हता, म्हणून वजावटीलाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करातून कमी करायलाही, काही नाही. पॅडमध्ये काही सुटत नाही, म्हणून मागे एका कोपऱ्यात ठेवतो, असं सांगणाऱ्या दुकानदारांची बिलं पाहिली की अनेकदा हेच कारण निघतं.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. करमुक्त वस्तूवर कर गोळा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. बिलावर कर दाखवून घेतला आणि सरकारकडे भरला नाही, तर कलम ७६ खाली तो व्याजासकट वसूल होतो. चुकून घेऊन भरला असेल तर तो भरलेलाच राहतो. परतावा मागायला गेलात तर पहिला प्रश्न येतो की हा पैसा मुळात ग्राहकाचा, तो त्याला परत दिलात का? काउंटरवरच्या अनोळखी ग्राहकांना तो परत देता येत नाही. म्हणून किरकोळ विक्रीतल्या जुन्या रकमेमागे लागण्यापेक्षा आजपासून सेटिंग सुधारा. शाळा किंवा कंपनीला नावानं मोठं बिल दिलं असेल आणि त्यात चूक झाली असेल, तर मात्र क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलातली जादा रक्कम कमी करणारा कागद, काढा. त्यासाठी त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरलं तर तोपर्यंत, मुदत असते.

बिलाच्या नावाचंही बघा. फक्त करमुक्त माल विकला तर निघतं ते 'बिल ऑफ सप्लाय', 'टॅक्स इन्व्हॉइस' नव्हे. एकाच ग्राहकानं टूथपेस्ट आणि पॅड दोन्ही घेतले आणि तो नोंदणीकृत नसेल, तर दोन बिलं फाडायची गरज नाही. नियम ४६-ए प्रमाणे 'इन्व्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय' असं एकच बिल चालतं. २०० रुपयांच्या आतली विक्री असेल आणि ग्राहकानं बिल मागितलं नाही, तर दिवसअखेर सगळ्या अशा विक्रीचं एकत्र बिल करता येतं. ही सवलत पुढे लाजेच्या मुद्द्यावर कामाला येणार आहे, लक्षात ठेवा.

विवरणपत्रांत पॅडची विक्री थ्री-बी (जीएसटीआर-३बी) मध्ये ३.१(सी) ला आणि आर-वन (जीएसटीआर-१) मध्ये तक्ता ८ ला जाते. खरेदी थ्री-बीच्या तक्ता ५ मध्ये. हे तुमचा अकाउंटंट भरतो, पण त्याला आकडा तुमच्या बिलिंगमधूनच जातो. तिथे 'जनरल' असेल तर तो तरी काय करणार?

एक गोष्ट लहान दुकानं सर्रास विसरतात. करमुक्त विक्री असली की सामाईक खर्चावरच्या वजावटीचा तेवढा हिस्सा सोडावा लागतो, नियम ४२ प्रमाणे. समजा दुकानाचं भाडं, सॉफ्टवेअर, फोन यांवरचा महिन्याचा जीएसटी २,००० रुपये आहे. महिन्याची एकूण विक्री ३ लाख, त्यात करमुक्त ३० हजार. मग २,००० चा दहावा भाग, म्हणजे २०० रुपये, थ्री-बीच्या ४(बी)(१) मध्ये उलटवायचे आणि वर्ष संपल्यावर पूर्ण वर्षाच्या आकड्यांवर हाच हिशोब पुन्हा करायचा. हे ३० हजार मोजताना फक्त पॅड धरू नका. कंडोम आणि इतर गर्भनिरोधकंही करमुक्त आहेत, आणि गंमत अशी की त्यांचीही नोंद बऱ्याच दुकानांत 'जनरल' म्हणूनच होते, कारण तेच.

तुम्ही कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यापाऱ्यांनी विक्रीवर ठरावीक टक्का भरायच्या योजनेत, असाल तर चित्र बदलतं. तिथे बिलावर कर दाखवायचाच नसतो. विक्रेत्याला १ टक्का भरावा लागतो, पण तो करपात्र विक्रीवर, एकूण विक्रीवर नव्हे. तिमाहीची विक्री ९ लाख आणि त्यात ९० हजार करमुक्त असेल तर ८ लाख १० हजारांवर ८,१०० रुपये होतात. बहुतेक जण सरळ ९,००० भरून मोकळे होतात. वस्तू स्वतः बनवणाऱ्याला मात्र कंपोझिशनमध्ये एकूण उलाढालीवर १ टक्का लागतो, करमुक्त धरून. म्हणून पॅड बनवणाऱ्या कुणालाही ही योजना घ्या असं मी सांगत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. १२ टक्के गेले तर किंमत १२ टक्क्यांनी का उतरली नाही? हिशोब करून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत. कारखानदार एक पाकीट ४० रुपयांना विकतो, त्यावर १२ टक्क्यांनी ४.८० कर, एकूण ४४.८०. त्यानं कच्चा माल २० रुपयांचा घेतला, त्यावर सरासरी १५ टक्क्यांनी ३ रुपये कर भरला. पॅडवर कर होता तेव्हा ४.८० मधून हे ३ वजा करून तो सरकारला १.८० द्यायचा. पॅड करमुक्त झाले आणि वजावट बंद झाली. आता ते ३ रुपये त्याचा खर्च झाले. पूर्वीइतकाच नफा ठेवायचा तर तो पाकीट ४३ ला विकणार. म्हणजे उतरले फक्त १.८०, चार टक्के. बाकीचा कर कुठेही गेलेला नाही, तो किमतीच्या पोटात शिरून बसला आहे आणि बिलावर दिसत नाही. कच्च्या मालावर कर किती? २०१७ मध्ये सरकारनंच यादी दिली होती: द्रव शोषणारं पॉलिमर, पॉलिथिन फिल्म, गोंद आणि पॅकिंगचं प्लॅस्टिक १८ टक्के, नॉनवोव्हन कापड, रिलीज पेपर आणि लाकडाचा लगदा १२ टक्के. त्यानंतर काही दर बदलले, पण तत्त्व तेच.

परदेशातल्या बातम्या वाचून आपल्याकडे गोंधळ होतो तो इथेच. अमेरिकेत राज्यांचा विक्रीकर शेवटच्या काउंटरवर, लेबलवरच्या किमतीच्या वर लावतात. टेक्सासनं १ सप्टेंबर २०२३ पासून पॅड-टॅम्पॉनवरचा विक्रीकर काढला. तिथे राज्याचा ६.२५ आणि स्थानिक धरून जास्तीत जास्त ८.२५ टक्के कर असतो. तो पावतीवरून दुसऱ्या दिवशी गायब झाला आणि गिऱ्हाईकाला ते दिसलं. ब्रिटननं १ जानेवारी २०२१ पासून शून्य दर लावला. शून्य दरात कारखानदाराला मागच्या कराचा परतावा मिळतो, करमुक्तीत तो मिळत नाही. आपल्याकडे शून्य दर निर्यात आणि सेझ (विशेष आर्थिक क्षेत्रं) यांच्यापुरताच आहे. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की पॅडवरची करमुक्ती हे अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे पॅडच्या कच्च्या मालावरचा कर उतरवणं किंवा तो परत देण्याची सोय करणं, आणि मागणी करायची तर ती इतक्या नेमकेपणानं करावी.

त्या मुलीला दोन वाक्यांत सांगायचं असेल तर असं सांगा: 'पॅडवर कर नाही, बिलावर बघ, शून्य आहे. पण पॅड बनवायला लागणाऱ्या मालावर कंपनीनं कर भरलेला असतो आणि तो तिला परत मिळत नाही, म्हणून किंमत पूर्ण उतरली नाही.' कलम १७१ ची नफेखोरीविरोधी तक्रार करा असं कुणी सुचवेल, पण १ एप्रिल २०२५ पासून त्या वाटेनं नव्या तक्रारी घेतल्या जात नाहीत.

ज्या बाईला रुपया-दोन रुपयांचा फरक खरोखर जाणवतो, तिला कराचं गणित सांगून उपयोग नाही. तिला जवळच्या जनऔषधी केंद्राचा पत्ता सांगा. तिथे 'सुविधा' पॅड ऑगस्ट २०१९ पासून एक रुपयाला एक मिळतं. तुमचं एक गिऱ्हाईक त्या दिवशी जाईल, हे मान्य. पण उरलेल्या सामानासाठी ती तुमच्याकडेच येईल, आणि तिला नीट उत्तर देणारं दुकान म्हणून तुमची ओळख राहील.

पेठच्या बचत गटाचं काम तुम्हाला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. फक्त करमुक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागत नाही, उलाढाल कितीही असो. हे कलम २३ मध्ये आहे. गटानं साध्या बिलावर गटाचं नाव, पत्ता, अनुक्रमांक, तारीख, 'सॅनिटरी पॅड', नग आणि रक्कम लिहून दिली की तुम्ही बिनघोर माल घ्या. गडबड होते ती गट आणखी काही विकू लागला की. नोंदणीची ४० लाखांची मर्यादा मोजताना करमुक्त विक्रीही धरतात. पॅड ३० लाख, पापड ६ लाख आणि मसाला ५ लाख असेल तर बेरीज ४१ लाख. पापडही करमुक्त आहेत, पण मसाल्यावर ५ टक्के लागतात, त्यामुळे आता नोंदणी हवी. कर मात्र मसाल्याच्या ५ लाखांवरच. बहुतेक गटांची उलाढाल याच्या जवळपासही नसते, तरी दिवाळीचा मसाला आणि लोणचं वहीत वेगळं लिहायची सवय पहिल्यापासून लावा. कुणा कंपनीचे पॅड मजुरीवर बनवून द्यायचं काम आलं तर ती सेवा ठरते. ती करमुक्त नाही आणि तिथली मर्यादा २० लाखांची आहे.

गटाच्या पाकिटावर काय छापलंय ते मात्र नीट तपासा, कारण तपासणीत पकडला जातो तो दुकानदार. वैधमापनाच्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, एका नगाची किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हे पाकिटावर हवं. पेनानं लिहिलेली किंवा खोडून चिकटवलेली एमआरपी घेऊ नका. दर्जासाठी भारतीय मानक आहे: वापरून टाकायच्या पॅडसाठी आयएस ५४०५, धुऊन पुन्हा वापरायच्या पॅडसाठी आयएस १७५१४. चाचणी अहवाल आहे का विचारा. नसेल तर निदान पॅड कुठे ठेवतात, ओलावा लागतो का आणि पाकीट उष्णतेनं सील करतात का, हे जाऊन बघा. पेठ-सुरगाण्याच्या पावसात उघड्या खोलीत ठेवलेला लगदा ओल धरतो आणि त्या पॅडला बुरशीचा वास येतो. पहिल्यांदा ५० पाकिटंच घ्या आणि तीही पावसाळ्याआधी किंवा नंतर.

माल आणताना ई-वे बिलाची, म्हणजे मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या परवान्याची, भीती घालणारे भेटतील. करमुक्त यादीतल्या मालाला ई-वे बिल लागत नाही, नियम १३८(१४). सोबत बिल असलं की पुरे. गाडीत मसालाही असेल तर फक्त करपात्र मालाची किंमत मोजायची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ती १ लाखाच्या वर गेली तरच ई-वे बिल.

आता किटबद्दल, कारण तुम्ही लिहिलं नसलं तरी सिडकोत बसून तुम्हाला ही ऑर्डर येणारच. सातपूर-अंबडच्या कंपन्या सीएसआरच्या, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेल्या, पैशांतून आश्रमशाळांसाठी 'हायजीन किट' मागतात: पॅडची दोन पाकिटं, साबणाची वडी, लिक्विड हँडवॉश, एका पिशवीत, एका किमतीत. हा कायद्याच्या भाषेत मिश्र पुरवठा होतो आणि सगळ्या किटला त्यातल्या सर्वांत जास्त दराचा कर लागतो. साबणाची वडी ५ टक्क्यांत, हँडवॉश १८ मध्ये, म्हणून पॅडसकट अख्ख्या किटवर १८. ३०० रुपयांच्या किटमध्ये पॅड २०० चे असतील तर करमुक्त पॅडवर विनाकारण ३६ रुपये कर बसला, आणि ५०० किट असतील तर १८ हजार. शाळा किंवा संस्थेला त्याची वजावट मिळत नाही. उपाय साधा आहे. कोटेशनपासूनच प्रत्येक वस्तूचा दर वेगळा द्या, बिलात वेगळ्या ओळी करा, एकत्र एक किंमत कुठेही लिहू नका आणि कुणाला नुसते पॅड हवे असतील तर त्याच दरानं द्यायची तयारी ठेवा. खरेदी अधिकारी म्हणतील, एकच आकडा द्या. त्यांना हा ३६ रुपयांचा फरक लिहून दाखवा. बहुतेक जण तिथेच मान्य करतात.

राहिला काउंटर. त्या मुलाला रागावून काही होणार नाही. त्याला जे जमत नाही ते करायची वेळच कमी येईल अशी मांडणी करा. पॅड काउंटरच्या मागच्या फळीवर असतील तर बाईला नाव घेऊन मागावं लागतं, साइज चार लोकांत सांगावी लागते. ते बाहेरच्या रॅकवर, टूथपेस्ट-शाम्पूच्या रांगेत, डोळ्यांच्या उंचीला ठेवा. रॅकच्या पट्टीवर पाकिटाची किंमत, आतले नग आणि एका पॅडला किती पडतात ते लिहा. ४० रुपयांत ८ आणि ९० रुपयांत २०, यातलं कोणतं स्वस्त हे मग कुणाला विचारावं लागत नाही. साइजमध्ये मिलिमीटर लिहा. एक्सएल, एक्सएक्सएल प्रत्येक कंपनीत वेगळं असतं. गिऱ्हाईक स्वतः उचलून आणेल, मुलानं फक्त स्कॅन करायचं.

पिशवी काळीच का? दिसू नये म्हणून. पण ती पातळ काळी पिशवी महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहे, पहिल्यांदा सापडली तर दंड ५,००० रुपये. कागदी पिशवी ठेवा आणि ती प्रत्येकाला विचारा, बिस्किटं घेणाऱ्यालाही: 'पिशवी हवी?' फक्त पॅड घेणारीलाच न विचारता गुंडाळून दिलं की आपणच तिला सांगतो की हे लपवायचं असतं. उलट, तिनं मागितली तर बिनबोभाट द्या. तिच्या घरी काय वातावरण आहे हे आपल्याला माहीत नसतं. तिनं लाजू नये असा आग्रह धरणं हे आपलं काम नाही. आपण लाजू नये एवढं मात्र आपल्या हातात आहे.

बिलावर नाव छापायचं की नाही, हा पेच यातूनच सुटतो. काही मुलींना घरी वडील बिल बघतात म्हणून ते नाव नको असतं, आणि मुलगा 'जनरल' टाकतो त्यामागे हाही विचार असू शकतो. बिल द्यायचंच असेल तर त्यात वस्तूचं वर्णन लागतंच, 'जनरल' हे वर्णन होत नाही. पण मघाशी सांगितलेली २०० रुपयांची सवलत इथे उपयोगी पडते. स्कॅन बरोबर पॅड म्हणूनच करायचं आणि विचारायचं, 'बिल छापू का?' ती नको म्हणाली तर कागद निघत नाही, नोंद मात्र योग्य जागी जाते. तिचं खाजगीपण राखायला चुकीचा कर लावायची काही गरज नाही.

हे सगळं लागू झालंय का ते बघायला महिनाअखेरीस एकच तपासणी करा. पॅडची महिन्याची सुरुवातीची शिल्लक अधिक खरेदी, त्यातून रॅकवर आणि गोदामात उरलेली पाकिटं वजा करा, आणि तो आकडा सॉफ्टवेअरच्या विक्री अहवालाशी लावून पाहा. ६० पाकिटं गेली आणि अहवालात २२ दिसली, तर ३८ अजून 'जनरल'मधून जातायत. तेव्हा 'जनरल'चं बटणच सॉफ्टवेअरमधून काढून टाका किंवा त्याला तुमचा पासवर्ड लावा. ज्या स्थानिक वस्तूंना बारकोड नाही, त्यांचे कोड छापून काउंटरवर चिकटवा आणि बचत गटाच्या पॅडचा कोड त्यात पहिल्या ओळीत ठेवा.